खाडीचा तळ बिलासाठी मोजता, तसाच खाडीसाठीही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीतला जलमार्ग खोल करण्याच्या प्रकल्पाची जनसुनावणी अलीकडेच झाली. मी तिला हजर होतो. पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश आधीच मागून घेऊन वाचला होता. मासे, कांदळवन, पाण्याची प्रत या सगळ्यांपुढे त्यात एकच शेरा आहे: ‘परिणाम तात्पुरता व अत्यल्प’. हा शेरा कोणत्या मोजमापावरून दिला, असे मी सुनावणीत विचारले. समाधान होईल असे उत्तर मिळाले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. प्रकल्पाचे आणि अहवाल तयार करणाऱ्या संस्थेचे नाव मी घेत नाही. कोकणातल्या खाड्यांचे अहवाल बहुतेक याच साच्यातून निघतात आणि माझी तक्रार त्या साच्याबद्दल आहे.

माझी सगळी नोकरी ड्रेजिंगच्या, म्हणजे यंत्राने तळाचा गाळ उपसण्याच्या कामांवर, सर्व्हेच्या लाँचवर गेली. बंदरात, खाडीच्या मुखाशी, जेटीच्या पुढ्यात ड्रेजर येण्याआधी आणि गेल्यानंतर पाण्याखालचा तळ मोजायचा, हेच माझे काम. निवृत्तीनंतर पेण तालुक्यात अंबा नदीच्या काठावर, खारभूमीच्या गावात राहतो. ड्रेजिंगला माझा विरोध नाही. त्यावर माझे घर चालले आहे. बंदराच्या तोंडाशी साचलेला गाळ वेळेवर निघाला नाही, तर मासेमारी बोटीसुद्धा ओहोटीला चिखलात रुततात, हे मी पाहिले आहे. माझे म्हणणे इतकेच, की कंत्राटदाराचे बिल काढण्यासाठी आपण खाडी ज्या काटेकोरपणे मोजतो, तितक्याच काटेकोरपणे ती पर्यावरणाच्या अहवालासाठी मोजली पाहिजे. माणसे आपल्याकडे आहेत, यंत्रे आहेत, पद्धतही बसलेली आहे.

बिलासाठी खाडी कशी मोजतात, ते वाचकांना सहसा ठाऊक नसते. पैसे घनमीटरवर मिळतात. कामाआधीचा तळ आणि कामानंतरचा तळ यांतला फरक म्हणजे काढलेला गाळ. त्यामुळे या दोन्ही मोजण्यांच्या वेळी मालक, कंत्राटदार आणि सल्लागार अशा तिघांची माणसे लाँचवर बसतात. सकाळी पहिले काम बार चेकचे. इको साउंडरच्या, म्हणजे तळाकडे आवाज सोडून खोली मोजणाऱ्या यंत्राच्या, बरोबर खाली साखळीने लोखंडी पाटी सोडायची, दोन मीटरवर, चार मीटरवर, सहा मीटरवर, आणि यंत्र नेमके तेवढेच आकडे दाखवते का ते बघायचे. पाण्यातला आवाजाचा वेग खारटपणा आणि तापमान यांनुसार बदलतो. ओहोटीबरोबर वरून गोडे पाणी उतरले, की सकाळी जुळवलेले यंत्र दुपारी चुकते आणि पाटी पुन्हा सोडावी लागते. तोवर किनाऱ्यावर भरतीपट्टीजवळ एक माणूस उन्हात बसून दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी वहीत टिपत असतो.

यंत्राच्या कागदावर तळाच्या दोन रेघा उमटतात. २१० किलोहर्ट्झचा आवाज पातळ चिखलाच्या वरच्या थरावरून परत फिरतो. ३३ किलोहर्ट्झचा आवाज तो थर भेदून खालच्या घट्ट तळापर्यंत जातो. आमच्या खाड्यांत या दोन रेघांमध्ये कधी वीतभर अंतर असते, कधी मीटरभर. मग खरा तळ कोणता धरायचा, यावर लाँचवर तासन्‌तास वाद चालतो. वाद का चालतो, तेही सांगतो. समजा, १० किलोमीटर लांब आणि १०० मीटर रुंद मार्ग खोल करायचा आहे. त्यात तळ फक्त १० सेंटिमीटरने चुकीचा धरला, तर हिशेबात १ लाख घनमीटरचा फरक पडतो. घनमीटरला ३०० रुपये दर धरला, तर ३ कोटी रुपये. एवढे पैसे दहा सेंटिमीटरवर लटकत असतील, तर माणूस काळजीने मोजणारच.

आता त्याच खाडीच्या पर्यावरणाची मोजणी पाहा. पावसाळा वगळून एक हंगाम. मोजक्या जागी पाण्याचे आणि तळाच्या चिखलाचे नमुने. प्रकल्पापासून १० किलोमीटरच्या वर्तुळातली गावे, झाडे, पक्षी यांच्या याद्या. हे नियमाला सोडून आहे असे मी म्हणत नाही. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची आपली अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची आहे आणि एका हंगामाच्या माहितीवर अहवाल करण्याची रीत तिच्या आधारेच चालते. कारखान्याच्या धुराड्यासाठी ती कदाचित पुरेशी असेल. खाडीसाठी ती पुरत नाही, कारण खाडीचे पाणी दिवसातून दोनदा, पंधरवड्यातून दोनदा आणि वर्षातून दोनदा आपले रूप बदलते.

आमच्याकडच्या कोळ्याला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण. तेव्हा पाणी जोरात धावते आणि तळाचा चिखल आपोआप ढवळून निघतो. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त, गाळ खाली बसलेला. एकाच जागेवर, एकाच आठवड्यात, भांगाला आणि उधाणाला घेतलेल्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, तर एकीतून पलीकडचे दिसते आणि दुसरीतून दिसत नाही. मी वाचलेल्या सारांशात गढूळतेचे आकडे आहेत, नमुने घेतल्याची तारीखही आहे. पाणी भरतीचे होते की ओहोटीचे, याचा उल्लेख कुठेही नाही. उधाणाच्या पाण्याचा आकडा ‘मूळ स्थिती’ म्हणून लिहिला, तर उद्या ड्रेजरने भांगाच्या दिवशी तेवढीच गढूळता केली, तरी कागदोपत्री काहीच बिघडलेले दिसणार नाही. भांगाच्या त्या स्वच्छ दिवसांत काय काय जगते, ते मात्र बिघडलेले असेल.

पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचेही तेच. तो पहाटे कमी असतो, दिवस चढला की वाढतो. शिंपल्या, कोळंबी, मत्स्यशेती यांसाठीच्या किनारी पाण्यात तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. सकाळी अकराला लाँच निघते, नमुना भरतो, आकडा पाचाच्या वर येतो. पहाटे पाचला त्याच जागी काय आकडा येतो, हे कोणीतरी उठून बघायला हवे. काळा चिखल ढवळला की तो पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. आधीच काठावर असलेल्या पाण्याला तेवढे निमित्त पुरते.

पावसाळा वगळणे मला सर्वांत जास्त खटकते. जून ते सप्टेंबर आमची खाडी जवळजवळ नदी होते. मेमध्ये समुद्राइतके खारट असलेले पाणी श्रावणात जिभेवर गोडे लागते. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. गोड्या पाण्यात ते सुटे राहतात आणि तरंगत दूरवर जातात. म्हणजे ड्रेजरमागे उठणारा गाळाचा लोट किती लांब जाईल, याचे उत्तर मार्चमध्ये एक आहे आणि ऑगस्टमध्ये दुसरे. त्यात जिताडा. पेण-अलिबागच्या माणसाला जिताड्याबद्दल मी काय सांगावे! हा मासा पावसाळ्यात खाडीच्या मुखाकडे अंडी घालतो आणि त्याची पिल्ले भरतीबरोबर खाजणात, नाल्यांत, उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) शेतांपर्यंत चढतात. तीच पिल्ले धरून शहापूर-धेरंडकडचे शेतकरी आपल्या तळ्यांत वाढवतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत केलेल्या पाहणीला ती पिल्ले दिसणार कशी? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी नौकांना बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. त्याच काळात खाडीत ड्रेजर चालू ठेवायचा असेल, तर त्याचा परिणाम त्याच काळात मोजलेला असला पाहिजे.

सुनावणीत एक कोळीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘साहेब, तुमच्या यादीत निवटी नाही, चिंबोरी नाही. मग आम्ही बाजारात घेऊन बसतो ते काय?’ त्यांना उत्तर मिळाले, की यादी व्यापारी महत्त्वाच्या माशांची आहे. मला ते फार लागले. निवटी, चिंबोऱ्या, कालवे, तिसऱ्या हे सगळे चिखलाचेच जीव. ते पळून जाऊन दुसरीकडे संसार थाटू शकत नाहीत, निदान कालवे आणि तिसऱ्या तर नाहीतच. वर दोन बोटे गाळ बसला की जागच्या जागी गुदमरतात. आणि ते गोळा करणाऱ्या बहुतेक बायका. त्यांच्याकडे बोट नाही, परवाना नाही, सोसायटीच्या वहीत नाव नाही. त्यामुळे नुकसान झाले तरी ते कुठल्याच नोंदीत येत नाही.

तळाच्या जिवांची मोजणी अवघड नाही. तळाला आपटताच ज्याचा जबडा मिटतो असा लोखंडी ग्रॅब दोरीने सोडायचा, आलेला चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर पाणी घालून धुवायचा आणि चाळणीवर उरेल ते मोजायचे. मी अशा कामावर लाँच घेऊन गेलो आहे. वरून मेल्यासारख्या दिसणाऱ्या चिखलातून केसाएवढे तांबूस किडे, तांदळाच्या दाण्याएवढे शिंपले, पारदर्शक झिंगे निघतात. चाळणीवर ते वळवळताना पाहिले, की इतके मासे या खाडीत काय खाऊन जगतात ते कळते. असा ग्रॅब एका जागी किमान तीन-चारदा टाकावा लागतो, कारण चिखल जागोजागी वेगळा असतो. हे वर्षभर, मार्गात आणि मार्गाबाहेरही केले, तरच काम संपल्यानंतर दोन वर्षांनी त्यातले किती परत आले हे सांगता येईल. ‘तात्पुरता’ हा शब्द वापरायचा, तर किती महिने, हे लिहिता आले पाहिजे.

आता माझ्या मते सर्वांत मोठा मुद्दा, ज्याला सारांशात अर्धे पानसुद्धा मिळालेले नाही. मार्ग खोल केल्यावर भरती किती वर चढेल?

खाडीचे मुख उथळ असते तेव्हा आत शिरणाऱ्या भरतीला तळाचे घर्षण अडवते. वर जाता जाता तिचा जोर मरतो. तळ खोल आणि सरळ केला की घर्षण कमी होते, भरती लवकर आणि जास्त जोरात आत पोचते. वरच्या गावांत भरतीची पातळी वाढते, ओहोटीची खाली जाते, आणि जड खारे पाणी खोल तळाला धरून आणखी आत सरकते. जर्मनीतल्या एम्स नदीत हे घडून गेले आहे. समुद्रापासून बरेच आत असलेल्या पापेनबुर्गच्या गोदीतून मोठी प्रवासी जहाजे बाहेर काढता यावीत, म्हणून ती नदी १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने खोल करत गेले. वरच्या भागात भरती-ओहोटीतला फरक वाढला. भरतीबरोबर चढलेला गाळ परत उतरेना. तळाशी दाट वाहत्या चिखलाचा थर तयार झाला आणि उन्हाळ्यात त्या पट्ट्यातला प्राणवायू माशांना जगू देत नाही इतका खाली जाऊ लागला. नदी मोठी असो की लहान, पाणी नियम तेच पाळते.

आमच्याकडे याचा संबंध थेट भाताशी येतो. पेण, अलिबाग, उरणच्या खारपट्ट्यातली शेते उधाणाच्या पातळीपेक्षा खाली आहेत. समुद्र आणि ताट यांच्यामध्ये मातीचा बांध असतो, काही शासनाच्या खारभूमी खात्याचे, काही जुने शिलोत्र्यांचे (खाजगी खारमालकांचे). पिढ्यान्‌पिढ्या गावकरी खाडीचाच चिखल उचलून त्यांची भराई करत आले. मोठ्या उधाणाला, त्यातही वारा असला तर, बांधाच्या माथ्यापर्यंत चार बोटेच जागा उरते. एखादी खांड गेली, म्हणजे बांधाला भगदाड पडले, की खारे पाणी शेकडो एकरांत पसरते, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत भात धड येत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणारी भाताची वाणे काढली, ती चांगली आहेत, पण उभ्या खाऱ्या पाण्यात कोणतेच वाण टिकत नाही. अशा ठिकाणी भरतीची पातळी दहा सेंटिमीटर वाढणार की तीस, हा प्रश्न बिलातल्या दहा सेंटिमीटरपेक्षा लहान आहे का? तरीही अहवालाचे वर्तुळ जेटीभोवती काढलेले आहे. भरती जिथपर्यंत जाते, त्या शेवटच्या उघाडीपर्यंत ते पोचत नाही.

खोल केल्याने पूर कमी होईल, असेही सुनावणीत सांगण्यात आले. या मुद्द्यावर लोकांचा लगेच विश्वास बसतो आणि बसणे स्वाभाविक आहे. १९८९ च्या जुलैमध्ये अंबेच्या पुराने नागोठण्यात काय केले, ते आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढण्यासाठी चिपळूणकरांना आंदोलन करावे लागले. त्यांची मागणी रास्त होती. पण नदीच्या वरच्या पात्रात साचलेले गोटे, बेटे आणि गाळ काढणे वेगळे, आणि खालच्या खाडीत जहाजांसाठी मार्ग खोल करणे वेगळे. खालच्या भागात पाण्याची पातळी समुद्र ठरवतो. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच वेळी आले, तर खोल मार्गातून पुराचे पाणी जसे उतरते, तशी भरतीही वर येते. कोणते पारडे जड होईल, ते जागेवर अवलंबून आहे आणि त्याचे उत्तर प्रतिमानावर, म्हणजे खाडीच्या छोट्या नमुन्यावर किंवा संगणकातल्या गणितावर, काढता येते. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून आहे. बंदरांची, खाड्यांची प्रतिमाने करण्यात तिथल्या लोकांचा हात धरणारे देशात थोडेच. त्यांच्याकडून ‘जेटीशी गाळ किती साचेल’ हा प्रश्न आवर्जून विचारून घेतला जातो. त्याच प्रतिमानाला ‘वरच्या बांधांवर आषाढी उधाणाला पाणी किती चढेल’ हा प्रश्नही विचारावा.

काढलेल्या गाळाचे काय, हेही पाहू. वर धरलेल्या त्याच मार्गात दोन मीटर खोली वाढवायची, तर २० लाख घनमीटर गाळ. दहा घनमीटरच्या डंपरने न्यायचा म्हटला तर दोन लाख खेपा. शिवाय मऊ चिखलाची कड उभी राहत नाही. एका मीटरला दहा मीटर असा उतार धरला, तर दोन मीटर खोलीसाठी दोन्ही बाजूंना वीस-वीस मीटर कापावे लागते. शंभर मीटरचा मार्ग वरून एकशे चाळीस मीटरचा होतो आणि गाळही वाढतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या कडा, जिथे बायका चिंबोऱ्या काढतात आणि थंडीत पक्षी उतरतात, त्या या चाळीस मीटरांत गेल्या तर त्यांचा हिशेब कुठे लागणार? सारांशातल्या नकाशावर मार्गाच्या दोन सरळ रेघा आहेत, उतार दाखवलेला नाही.

कटर सक्शन ड्रेजर जे पाइपातून ढकलतो, त्यात बहुतांश पाणीच असते. ते किनाऱ्यावर बांध घालून केलेल्या तळ्यात सोडले, तर गाळ बसायला वेळ मिळाला पाहिजे, नाहीतर बाहेर पडणारे पाणी पुन्हा खाडीतच गढूळ उतरते. ट्रेलिंग सक्शन हॉपर जातीचा ड्रेजर आपल्या पोटात गाळ भरून खोल समुद्रात टाकायला जातो. पोट भरले, की जास्त गाळ मावावा म्हणून वरचे पातळ पाणी सांडून दिले जाते. सर्वांत बारीक कण त्या सांडीबरोबरच जातात. सांड किती वेळ चालू द्यायची यावर मर्यादा घातली, की गढूळता लगेच कमी होते, पण खेपा वाढतात आणि खर्च वाढतो. ही अट अहवालात आकड्यांनी हवी. त्याऐवजी ‘गाळपडदे लावण्यात येतील’ असे वाक्य आहे. संथ तळ्यात गाळपडदा उत्तम काम करतो. उधाणाच्या ओढीत तो आडवा पडतो आणि गाळ खालून निघून जातो. आमच्या खाडीतले उधाण ज्याने एकदा पाहिले आहे, तो त्या पडद्यावर भिस्त ठेवणार नाही.

तळातला काळा, कुजक्या अंड्याचा वास येणारा चिखल जमिनीवर पसरला, तर आणखी एक गोष्ट घडते. त्यातले गंधकाचे संयुग हवा लागली की आम्ल बनते. पाण्याखाली जे धातू घट्ट बांधलेले होते, ते सुटतात. खाडीवर कारखान्यांची वसाहत असेल, तर तळातल्या थरात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचे सांडपाणी साठलेले असते आणि ड्रेजर नेमका तोच थर उघडतो. म्हणून नमुना वरच्या वीतभर चिखलाचा घेऊन भागत नाही. जेवढे खोल जायचे, तेवढ्या खोलीचा नळीतला नमुना घेऊन थराथराने तपासला पाहिजे. कांदळवन आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने संरक्षण दिलेले आहे. गाळ तिथे टाकता येत नाही, हे सगळे जाणतात. मग तो कुठे जाणार, त्या जागेचे सर्व्हे नंबर अहवालात असावेत. ‘योग्य ठिकाणी विल्हेवाट’ एवढ्यावर भागणार नाही.

खोल केलेला मार्ग खोल राहत नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट. खाडी आपली मूळ खोली परत घ्यायला बघते, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा उपसावे लागते. २००६ च्या अधिसूचनेत नंतर झालेल्या दुरुस्तीनुसार नव्याने खोलीकरणाला मंजुरी लागते, पण देखभालीचा उपसा मूळ प्रस्तावात आणि त्याच्या पर्यावरण आराखड्यात धरलेला असेल, तर त्याला पुन्हा मंजुरी लागत नाही. म्हणजे आज या एका सुनावणीत आपण पुढच्या कित्येक वर्षांच्या उपशाला होकार देत असतो. मग दरवर्षी किती घनमीटर, कोणत्या महिन्यांत, कुठे टाकणार, हे आजच्याच अहवालात लिहायला हवे. सारांशात देखभालीच्या उपशावर दोन ओळी आहेत.

मूळ नोंद नसली की पुढे काय होते, ते उरणने दाखवले आहे. तिथल्या बंदर परिसरातल्या भराव आणि कांदळवनाच्या नुकसानीबद्दल पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले आणि २७ फेब्रुवारी २०१५ रोजी पुण्याच्या खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. तो आदेश मिळवण्यासाठी त्या लोकांना काय यातायात करावी लागली असेल! खाडीकाठच्या प्रत्येक कोळीवाड्यात प्रकल्पाआधी एक वर्ष रोजची मासळी नोंदवली, बोक्षीच्या जाळ्यात किती, पागाच्या जाळ्यात किती, हाताने काढलेले किती, तर उद्या नुकसान झाले की नाही यावर वर्षानुवर्षे वाद घालावा लागणार नाही. आणि झालेच नाही, तर प्रकल्पवाल्यांनाही ते छातीठोकपणे दाखवता येईल.

हा प्रश्न एका खाडीपुरता राहणार नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत १११ जलमार्ग आहेत. रेवसच्या मुखापासून नागोठण्याच्या एसटी स्टँडजवळच्या पुलापर्यंतचा अंबेचा ४५ किलोमीटरचा पट्टा त्यात दहाव्या क्रमांकावर आहे. दाभोळ-वाशिष्ठी, कुंडलिका, सावित्री, राजपुरी, जयगडची शास्त्री, सगळ्या त्या यादीत आहेत. रस्त्यावरचे ट्रक कमी होऊन माल पाण्यावरून जाणार असेल, तर ते चांगलेच आहे. पण एकेका खाडीचा वेगळा अहवाल, वेगळे १० किलोमीटरचे वर्तुळ आणि प्रत्येकात ‘अत्यल्प’, असे करत आपण सगळ्या कोकणकिनाऱ्याचा तळ खरवडून बसू.

नियमाप्रमाणे सुनावणीआधी लोकांना ३० दिवस मिळतात. त्या दिवसांत मराठीत मिळतो तो फक्त सारांश. पूर्ण अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा, जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन बघायचा. २०२० मध्ये मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत उपलब्ध करावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले होते. अधिसूचनेच्या बाबतीत जे न्यायालयाला पटले, ते ज्या गावाच्या बांधाला पाणी लागणार आहे त्या गावाच्या अहवालालाही लागू व्हावे. पूर्ण अहवाल मराठीत हवा, आणि सोबत कच्चे आकडे हवेत: प्रत्येक नमुन्याची तारीख, वेळ, भरतीची स्थिती. काम सुरू झाल्यावर गढूळता आणि प्राणवायू मोजणारी यंत्रे खाडीत कायम ठेवावीत, आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज यावेत. ठरलेल्या मर्यादेपलीकडे आकडा गेला की ड्रेजर थांबला पाहिजे, आणि तो थांबवण्याचा अधिकार कंत्राटदाराकडून पगार न घेणाऱ्या माणसाकडे असावा. बिलाच्या सर्व्हेला तिन्ही पक्षांची माणसे लाँचवर बसतात ना? पर्यावरणाच्या मोजणीच्या लाँचवर गावाचा एक माणूस बसवावा.

यातले एक काम तर आजच सुरू करता येईल आणि त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. खाडीच्या मुखापासून शेवटच्या उघाडीपर्यंत, प्रत्येक गावाच्या बांधाला एकेक भरतीपट्टी रोवावी, सगळ्यांचे शून्य एकाच पातळीला जुळवावे, आणि अमावस्या-पौर्णिमेला सर्वांत वर चढलेले पाणी वहीत लिहावे. खारभूमी खात्याकडे पातळी जुळवून देणारे लोक आहेत. पट्टी वाचायला आणि नोंद ठेवायला शाळेच्या वरच्या वर्गातली मुले चार दिवसांत शिकतील, शिकवायला मी येईन. माझ्या गावाच्या उघाडीवर मी माझ्यापुरती पट्टी लावली आहे. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या ज्या ग्रामपंचायतींना हे करायचे असेल, त्यांनी येत्या उधाणाआधी आपापल्या जागा ठरवाव्यात, आणि ड्रेजर येण्याआधी किमान एक पूर्ण पावसाळा या वह्यांत यावा, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करतो.

आपला,
एक निवृत्त जलसर्वेक्षण कर्मचारी,
ता. पेण, जि. रायगड